डगमगणारें टेबल

टेबल डगमगूं लागलें म्हणजे घरांत पहिला उपाय बहुधा एकच होतो. वर्तमानपत्राच्या कागदाची चौघडी करून ती एका पायाखालीं सरकविण्यांत येते. दोन दिवस टेबल स्वस्थ राहतें. तिसऱ्या दिवशीं केर काढतांना केरसुणीचा धक्का लागून ती चौघडी बाहेर येते आणि चहा पुनः बशींत सांडूं लागतो. मग कागदाच्या जागीं पुठ्ठा येतो, पुठ्ठ्याच्या जागीं लांकडाची ढलपी येते, आणि शेवटीं तें टेबल माळ्यावर जातें. एवढ्या अवधींत टेबलाला खरोखर काय झालें आहे हें पाहण्याचे श्रम मात्र कोणी घेतलेले नसतात.

महाड आणि पोलादपूर या गांवांतील मंडळींना हा विषय क्षुल्लक वाटणार नाहीं. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते व तेथें तिला गांधारी मिळते. या भागांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. जुलै २००५ मध्यें महाडास मोठा पूर आला होता. २२ जुलै २०२१ रोजीं पुनः भयंकर प्रसंग ओढवला. बाजारपेठेंतील तळमजले पाण्याखालीं गेले. त्याच दिवशीं महाड तालुक्यांत तळीये येथें दरड कोसळून वाडीच्या वाडी गाडली गेली, व पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. माणसें गेलीं तेथें टेबल-खुर्च्यांची आठवण कोणाला होणार? परंतु पाणी ओसरल्यावर, जगल्या-वाचल्यांना संसार पुनः मांडावा लागतो. तेव्हां महाडच्या रस्त्यांच्या कडेला चिखलानें माखलेल्या सामानाचे ढीग लागले होते. असल्या ढिगांत केवळ सांधे सुटले म्हणून टाकून दिलेलें सागवानी सामानहि जातें, आणि तसें सामान टाकण्याच्या लायकीचें मुळींच नसतें. कोणता सांधा गेला व तो कसा बसवावा हें ठाऊक असतें, तर वडिलांच्या वेळचें एखादें टेबल घरांतच राहतें.

डगमगण्याचे प्रकार दोन आहेत, आणि त्यांचीं औषधें वेगळीं आहेत. पहिल्या प्रकारांत टेबलाचा सांगाडा घट्ट असतो, पण चारी पाय एकाच वेळीं जमिनीला टेकत नाहींत. दुसऱ्या प्रकारांत चारी पाय जमिनीला नीट टेकलेले असतात, पण वरची फळी हातानें ढकलली असतां डावी-उजवीकडे झुलते. कागदाची चौघडी पहिल्या प्रकाराला तात्पुरती लागू पडते. दुसऱ्या प्रकारांत तिचा कांहींएक उपयोग नसून उलट अपायच होतो. कारण सैल सांध्याचा पाय वर उचलला गेला कीं, तो सांधा अधिकच उकलतो.

परीक्षा सोपी आहे. टेबलावरील वस्तु काढून घ्याव्या. समोरासमोरच्या, म्हणजे कर्णाच्या दोन टोकांच्या कोपऱ्यांवर आळीपाळीनें तळहाताचा दाब द्यावा. एक पाय टेकला कीं त्याच्या समोरचा पाय उचलला जात असेल, तर रोग पहिल्या प्रकारचा. तसें न होतां, फळीच्या कडेला हात लावून ती आडवी ढकलली असतां सांगाडा तिरका होत असेल, तर रोग दुसऱ्या प्रकारचा. पुष्कळ जुन्या टेबलांना दोन्ही रोग जडलेले असतात. अशा वेळीं सांध्यांचें काम आधीं करावें व पायांचें मागाहून, कारण सांधे बसविल्यावर पायांच्या लांबींतील फरक पुष्कळदां आपोआप नाहींसा होतो.

पहिल्या प्रकारांत आणखी एक प्रश्न उरतो: दोष टेबलाचा कीं जमिनीचा? जुन्या घरांतील सारवलेली जमीन चढउताराची असावयाचीच. शहाबादी फरशीहि कालांतरानें कोठें तरी खचते. ज्या दोन समोरासमोरच्या पायांवर टेबल डुलतें, त्या दोहोंना खडूनें खूण करावी, आणि टेबल त्याच जागीं पाव फेरा फिरवावें, म्हणजे प्रत्येक पाय शेजारच्या पायाच्या जागीं जाईल. आतांहि तेच खुणेचे पाय उचलले जात असतील, तर टेबल दोषी. खुणेचे पाय टेकले आणि दुसरी जोडी डुलूं लागली, तर जमीन दोषी. लांबट टेबलाचा पाय शेजारच्या पायाच्या बरोबर जागीं जात नाहीं. तेथें टेबल उचलून निराळ्या खोलींत नेऊन पाहणें बरें.

जमीन दोषी ठरली तर एक मौजेचा उपाय आहे, आणि त्याला गणितशास्त्राचा आधार आहे. टेबल चौरस असून त्याच्या पायांचे शेवट एका पातळींत असतील, तर तें त्याच जागीं फिरवीत गेल्यास पाव फेऱ्याच्या आंत कोठें तरी स्थिर बसतेंच. मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें १९७३ सालीं ही गोष्ट सामान्य वाचकांपुढें मांडली. पुढें गणितज्ञांनीं ती कोणत्या अटींवर खरी ठरते हें काटेकोरपणें सिद्ध केलें. युक्तिवाद मात्र शाळेंतल्या मुलालाहि कळण्याजोगा आहे. फिरविण्याच्या आरंभीं खुणेची जोडी अधांतरीं आहे. पाव फेरा झाल्यावर बिनखुणेची जोडी अधांतरीं येते. जमिनीचा चढउतार सलग असेल, तर पहिली जोडी हळूंहळूं खालीं येते आणि दुसरी हळूंहळूं वर जाऊं लागते. तेव्हां मध्यें एक क्षण असा आलाच पाहिजे कीं, जेव्हां दोन्ही जोड्या एकदम टेकलेल्या असतात. तेथेंच थांबावें. यांत दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. फरशीची कड एकदम वर आलेली असेल, तर चढउतार सलग राहत नाहीं व नियम लागू पडत नाहीं. आणि टेबल स्थिर झालें म्हणजे तें सपाट पातळींत आलेंच असें नाहीं. वाटाणा घरंगळून जाईल, पण चहा सांडणार नाहीं. तीन पायांच्या तिवईला यांतील कांहींच करावें लागत नाहीं, कारण तीन टोकें कोणत्याहि जमिनीवर एकदम टेकतातच.

टेबल दोषी ठरलें तर बहुतेक लोक लांब पाय कापावयास निघतात. हा मार्ग धोक्याचा आहे. एक पाय किंचित् अधिक कापला जातो, मग दुसरा त्याच्या बरोबरीला आणावा लागतो, मग तिसरा. आणि अशा रीतीनें जेवणाच्या टेबलाचा शेवटीं चौरंग झालेला पाहावयास मिळतो. कापण्यापेक्षां जोडणें बरें. टेबल अगदीं सपाट जागीं, शक्य तर सिमेंटच्या कोब्यावर ठेवावें. डुलणाऱ्या जोडीपैकीं एका पायाखालीं पत्र्याचे पातळ तुकडे एकावर एक सरकवून डुलणें थांबवावें. दोहोंपैकीं कोणत्या पायाखालीं, हें ठरविण्यास पाणसळ लागते. ती नसेल तर फळीच्या मधोमध थाळींत थोडें पाणी घालून तें कोणत्या कडेला वाहतें तें पाहिलें तरी भागतें. मग पत्र्यांच्या जाडीएवढी कठीण लांकडाची चकती करून ती पायाच्या तळाला चिकटवावी व वरून एक बारीक स्क्रू, त्याचें डोकें चकतींत बुडेल असा, पिळावा. एवढ्यानें काम भागतें.

आतां दुसरा प्रकार. महाड-पोलादपुराकडे खरा त्रास याचाच आहे, आणि त्याचें मूळ हवेंत आहे.

चांगल्या टेबलाच्या चार पायांना जोडणाऱ्या आडपट्ट्या फळीच्या खालीं असतात. प्रत्येक आडपट्टीचें टोक सुतार कोरून बारीक करतो. त्याला कुसूं म्हणतात. तें पायांत कोरलेल्या खाचेंत घट्ट बसवून सरसानें पक्कें करतात. टेबलाचें सारें बळ या आठ सांध्यांत आहे, फळीच्या जाडींत नाहीं. पाय सत्तर सेंटिमीटर लांब आणि आडपट्टी दहा सेंटिमीटर रुंद धरली, तर पायाच्या टोकाशीं पांच किलो भाराचा आडवा धक्का बसतांच सांध्यावर त्याच्या सातपट, म्हणजे पस्तीस किलोच्या भाराएवढी ओढ पडते. भरलेलें टेबल फरशीवरून ओढीत नेतात तेव्हां फरशीच्या प्रत्येक सांध्याशीं हेंच घडतें. टेबल दोघांनीं उचलून न्यावें, हें सांगण्यांत वडीलधाऱ्यांचा केवळ शिस्तीचा आग्रह नसतो.

पण न ओढलेलेंहि टेबल कोंकणांत सैल होतें, तें कां? लांकूड तोडून, कापून, रंधून, पॉलिश करूनहि हवेंतील ओलावा घेत राहतें व सोडीत राहतें. हवेची सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्के असते, तेव्हां लांकडांतील पाणी त्याच्या सुक्या वजनाच्या सुमारें वीस टक्क्यांपर्यंत चढतें. आर्द्रता पन्नास टक्क्यांवर आली कीं तें सुमारें नऊ टक्क्यांवर उतरतें. पाणी चढलें कीं लांकूड फुगतें, उतरलें कीं आकसतें. पण सर्व दिशांनीं सारखें नव्हे. रेषांच्या दिशेनें, म्हणजे लांबींत, हा फरक जवळजवळ नसतोच. रुंदींत तो स्पष्ट असतो. साग हें या बाबतींत सर्वांत शहाण्या लांकडांपैकीं आहे. तरीहि ओल्या लांकडापासून पूर्ण सुकेपर्यंत तो रुंदींत अडीच ते सवापांच टक्के आकसतो. कमी फरक त्रिज्येच्या दिशेनें, अधिक फरक वर्षवलयांच्या दिशेनें.

यावरून कुसवाचा हिशेब करतां येतो. कुसूं पन्नास मिलिमीटर रुंद असेल, तर भर पावसाळ्यापासून कोरड्या दिवसांपर्यंत त्याच्या रुंदींत अर्ध्यापासून एक मिलिमीटरपर्यंत फरक पडतो. आतां खाच पाहा. खाचेची लांबी पायाच्या रेषांच्या दिशेनें असते, म्हणून ती पावसाळ्यांत वाढत नाहीं. कुसूं फुगावयास पाहतें आणि खाच जागा देत नाहीं. तेव्हां कुसवाच्या कडांचे तंतू चेपून बसतात. हे चेपलेले तंतू पुनः पूर्वस्थितीला येत नाहींत. पुढें हिवाळा-उन्हाळ्यांत कुसूं आकसतें तें पूर्वीच्याहून लहान होतें, व खाचेंत फट पडते. म्हणून पावसाळ्यांत घट्ट वाटणारें टेबल एप्रिल-मेमध्यें डुलूं लागतें, आणि घरांतील लोक उन्हाळ्याला दोष देतात. अपराध झालेला असतो तो आदल्या पावसाळ्यांत.

पुराचें पाणी हेंच काम एका रात्रींत करतें, आणि शिवाय जुना सरस विरघळवतें. हा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला. गरम पाण्यानें तो पातळ होतो आणि गार पाण्यांतहि बराच वेळ राहिल्यास मऊ पडतो. म्हणूनच पुरांतून निघालेलें जुनें सागवानी टेबल हात लावतांच खिळखिळें वाटतें. त्यांत भिण्यासारखें फार थोडें असतें. सरस सुटला म्हणजे सांधा न मोडतां उकलला, एवढाच त्याचा अर्थ. सुताराला जो सांधा सोडवावयास अर्धा दिवस लागला असता, तो नदीनें सोडवून दिला असें म्हणण्यासहि हरकत नाहीं. खरा नाश होतो तो भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या नव्या टेबलांचा. त्या फळ्या पाण्यांत फुगल्या कीं भाकरीसारख्या सुटतात. त्यांना इलाज नाहीं, आणि त्यांच्यासाठीं श्रम करूं नयेत.

पुरांतलें टेबल प्रथम स्वच्छ पाण्यानें धुवावें, म्हणजे सांध्यांतील गाळ निघून जाईल. गाळ वाळला तर तो खाचेंत दगडासारखा बसतो. नंतर तें विटांवर उचलून सावलींत वाऱ्याला ठेवावें. उन्हांत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, पण उन्हानें लांकडाचा बाहेरचा थर आधीं आकसतो, आंतला ओला राहतो, आणि भेगा पडतात. पूर बहुधा जुलैंत येतो. त्या हवेंत लांकूड वाळणें शक्य नाहीं. दसरा-दिवाळीपर्यंत वाट पाहावी. सांधे बसविण्यास नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने उत्तम, कारण त्या वेळीं लांकूड फुगलेलेंहि नसतें आणि अगदीं आकसलेलेंहि नसतें. तोंवर घरच्यांनीं जमिनीवर बसून जेवावें. तशी रीत आपल्याकडे पुष्कळ जुनी आहे.

कामाला बसण्यापूर्वीं प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंस पेन्सिलीनें एकच आंकडा घालावा. चार आडपट्ट्या दिसावयास सारख्या असल्या तरी हातानें केलेल्या कामांत प्रत्येक कुसूं आपापल्याच खाचेंत बसतें. फळी उतरवून ठेवावी. सांधे लांकडी मोगरीनें, मध्यें चिंधी किंवा फळकुटाचा तुकडा धरून, हलकेच ठोकून उकलावे. नंतरचें काम कंटाळवाणें आहे व बहुतेक ठिकाणीं तेंच टाळलें जातें. कुसवावरचा व खाचेंतला जुना सरस गरम पाण्याच्या फडक्यानें मऊ करून पटाशीनें खरवडून काढावा, आणि तें अंग पुनः वाळूं द्यावें. जुन्या सरसावर नवा चिकट पदार्थ लांकडाला धरीत नाहीं. तो फक्त जुन्या थराला धरतो, आणि तो थर सुटला कीं सारेंच सुटतें.

कुसूं खाचेंत घालून पाहावें. हाताच्या दाबानें बसेल आणि उचललें असतां आपल्या भारानें गळून पडणार नाहीं, इतपत तें घट्ट हवें. सैल असेल तर त्याच्या रुंद बाजूंना रंध्याच्या पातळ सालपटी चिकटवून तें जाड करावें. सालपटीच्या रेषा कुसवाच्या रेषांच्या दिशेनेंच असाव्या. कोणी कागद, कोणी कापड गुंडाळतात. तें चालत नाहीं, कारण लांकडाला लांकूडच धरतें. दुसरा मार्ग पाचरीचा. कुसवाच्या टोकाला मध्यें करवतीनें एक चीर पाडून तींत लहान पाचर अर्धवट बसवावी; कुसूं खाचेंत ठोकलें कीं पाचर खाचेच्या तळाला टेकून चिरेंत शिरते व कुसूं आंतल्या आंत रुंदावतें. हा सांधा फारच पक्का होतो, पण चुकला तर पुनः उकलत नाहीं. नवशिक्यानें सालपटींवरच समाधान मानावें.

चिकटविण्यास घरोघर फेव्हिकॉल याच नांवानें ओळखला जाणारा पांढरा द्रव पुरेसा आहे. तो कुसवाला आणि खाचेच्या बाजूंना, दोहोंना, पातळ लावावा. सांधे दाबून धरण्यास सुताराजवळ शिकंजे असतात. घरीं ते नसल्यास मजबूत सुती दोरीचे दोन वेढे चारी पायांभोवतीं घेऊन त्यांत एक काठी घालावी व ती पिळीत जावी. पीळ चढेल तसा चौकट आवळली जाते. पायांच्या कडा दुखावूं नयेत म्हणून दोरीखालीं पुठ्ठा ठेवावा. यानंतर एक गोष्ट विसरूं नये: दोरीनें किंवा सुतळीनें चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे भरले तर चौकट काटकोनांत आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या टोकांना दाबून तो काढावा, आणि मग चोवीस तास त्या टेबलाकडे कोणी फिरकूं नये.

खिळे ठोकण्याचा मोह येथें सर्वांत मोठा असतो. सैल सांध्यांत तिरपा खिळा मारला कीं टेबल त्या दिवशीं घट्ट होतें, हें खरें. पण खिळा कुसूं फाडतो. महाडच्या दमट हवेंत तो वर्षा-दोन वर्षांत गंजून भोंवतालचें लांकूड काळें व भुसभुशीत करतो. आणि पुढें कोणा जाणत्या सुतारानें सांधा उकलावयाचें म्हटलें तर खिळा निघत नाहीं. ज्या टेबलांत पूर्वींचे पांच-सहा खिळे सांपडतात, त्याच्या दुरुस्तीचा निम्मा वेळ ते काढण्यांतच जातो.

खिळ्याऐवजीं कोपऱ्यांत ठोकळी घालावी. दोन आडपट्ट्या ज्या कोपऱ्यांत मिळतात, तेथें आंतल्या बाजूनें त्रिकोणी ठोकळी चिकटवून ती दोन्हीकडून स्क्रूंनीं आवळावी. स्क्रूसाठीं आधीं गिरमिटानें भोंक पाडावें, म्हणजे ठोकळी चिरत नाहीं. या लहानशा ठोकळीचा एवढा गुण कां, हें चार काड्या खिळ्यांनीं जोडून पाहिल्यास समजतें. चार काड्यांचा चौकोन बोटानें ढकलला तरी तिरका होतो, बाजूंची लांबी मात्र तीच राहते. तीन काड्यांचा त्रिकोण ढकलून तिरका होत नाहीं. काडी मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलतच नाहीं. ठोकळी प्रत्येक कोपऱ्यांत एक त्रिकोण निर्माण करते. छपराच्या कैच्या आणि लोखंडी पुलांच्या कमानी याच आधारावर उभ्या असतात.

फळी परत बसवितांना ती चारी बाजूंनीं पक्की चिकटवूं नये. पाऊण मीटर रुंदीची सागवानी फळी वरील हिशेबानें वर्षभरांत आठ ते पंधरा मिलिमीटर रुंदींत हलूं पाहते. पॉलिशामुळें प्रत्यक्षांत तें कमी होतें, पण होतें खरें. तिला जखडलें तर ती मधोमध चिरते. सुतार तिला आडपट्टीच्या खाचेंत सरकणाऱ्या लहान लांकडी पकडींनीं बसवितात. तसें न जमल्यास आडपट्टीतील स्क्रूचीं भोंकें लांबट करावीं, म्हणजे फळीला सरकण्यास जागा राहते.

येथवर स्थिर घरांतील टेबलाचा विचार झाला. महाड आणि पोलादपूर हीं दोन्ही गांवें मुंबई-गोवा महामार्गावर आहेत, आणि अलीकडे त्या मार्गावरून फिरतीं घरेंहि जातात. मोटारीमागें ओढावयाचा किंवा मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेला हा लहानसा संसार कॅराव्हॅन या नांवानें ओळखला जातो. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं त्याच्या पर्यटनासाठीं एक धोरणहि स्वीकारलें. अशा घरांत दोन बांकांच्या मध्यें एक टेबल असतें. तें दिवसा जेवणाचें. रात्रीं खालीं उतरवून त्यावर गादी घातली कीं बिछाना. पोलादपुराहून पुढें कशेडीकडे किंवा आंबेनळी घाटानें महाबळेश्वराकडे जातांना वळणें, खड्डे व धक्के यांनीं तें टेबल जेवढें हलतें, तेवढें महाडच्या घरांतलें टेबल वर्षभरांत हलत नसेल. त्यामुळें त्याचीं दुखणीं तींच, पण फार लवकर येतात.

या टेबलाला बहुधा चार पाय नसतात. एकच नळीचा खांब असतो. त्याचें खालचें टोक जमिनींतील धातूच्या वाटींत आणि वरचें टोक फळीखालच्या वाटींत बसतें. फळीच्या कडेला सत्तर सेंटिमीटर उंचीवर कोणी पांच किलो भारानें टेकलें, तर जमिनीवरच्या वाटीला उपटणारी ओढ वाटी जेवढी अरुंद तेवढी वाढते. वाटीच्या एका कडेपासून समोरच्या स्क्रूपर्यंतचें अंतर बारा सेंटिमीटर असेल, तर त्या स्क्रूंवर सुमारें तीस किलोची ओढ पडते. हे स्क्रू पातळ प्लायवुडांत रुतलेले असतात. दोन-तीन घाट ओलांडल्यावर त्यांचे आटे प्लायवुडाला कुरतडतात आणि स्क्रू नुसते फिरूं लागतात.

उपाय ठरविण्यापूर्वीं येथेंहि परीक्षा हवी. एका माणसानें फळी हलवावी व दुसऱ्यानें प्रथम खालच्या, मग वरच्या वाटीला बोट लावून पाहावें. खांब वाटींत खडखडत असेल, तर बहुधा वाटींत वाळू किंवा चिकट मळ बसलेला असतो. दोन्ही टोकें पुसून कोरडीं करावीं. तेल मुळींच लावूं नये, कारण निमुळतें टोक कोरड्या घर्षणानेंच घट्ट बसतें. नळीच झिजलेली असेल तर पितळेच्या पातळ पत्र्याचा एक वेढा पुरतो. वाटीच हलत असेल, तर तेच स्क्रू पुनः पिळण्यांत अर्थ नाहीं. जुन्या भोंकांत लांकडाच्या खुंट्या चिकटवून ठोकाव्या. वाटीखालीं तिच्याहून दुप्पट रुंदीची जाड प्लायवुडाची चौकोनी फळी चिकटवून ती कडांशीं स्क्रूंनीं आवळावी, व वाटी तिच्यावर बसवावी. त्यामुळें ओढ मोठ्या जागेवर वांटली जाते. जमिनीच्या खालून हात पोंचत असेल, तर आरपार बोल्ट घालून खालीं रुंद चकती देणें सर्वांत उत्तम. मात्र भोंक पाडण्यापूर्वीं तेथून विजेची तार, पाण्याची टांकी किंवा गॅसची नळी जात नाहीं याची खात्री करून घ्यावी. टेबलाची एक कड भिंतीला लागत असेल, तर भिंतीवर एक आडवी पट्टी मारून त्या कडेला तिचा आधार द्यावा. खांबावरचा भार कमी होतो, आणि कित्येकदां एवढ्यानेंच दुखणें संपतें.

कितीहि चांगलें बसविलें तरी हें टेबल चालत्या गाडींत उभें ठेवण्यासाठीं नाहीं. खांब काढून, फळी बांकांच्या मध्यें खालीं उतरवून, पट्ट्यानें बांधून मगच घाट चढावा. अचानक गतिरोध झाला असतां सुटी फळी समोर बसलेल्या मुलाच्या छातीवर आदळूं शकते, आणि चालत्या गाडींत उकळत्या चहाची किटली टेबलावर ठेवणें हा तर उघड वेडेपणा आहे. मुक्कामाला पोंचल्यावर टेबल उभें करण्यास दोन मिनिटें लागतात. नवे बसविलेले बोल्ट पहिल्या लांबच्या प्रवासानंतर एकदां पुनः आवळावे, कारण तोंवर चकत्या प्लायवुडांत थोड्या दबलेल्या असतात. त्यानंतर पावसाळ्यापूर्वीं एकदां व पावसाळा संपल्यावर एकदां पाहिलें तरी पुरतें.